फोटो उघड्यावर काढला, म्हणून तो कुठेही वापरता येतो का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. गेल्या सोमवती अमावस्येला तुम्ही जेजुरीला गेला होतात. पालखी कऱ्हेच्या स्नानासाठी गड उतरत असताना, भंडाऱ्याच्या उधळणीत तुम्हाला साठीच्या पुढची एक बाई दिसली. केस मोकळे, डोळे मिटलेले, चेहरा हळदीने माखलेला, आणि अंगात आलेले. तुम्ही लांबच्या लेन्सने चार-पाच फोटो काढले, त्यातला एक इन्स्टाग्रामवर टाकला आणि तो खूप फिरला. आता त्या बाईंच्या मुलाचा संदेश आला आहे की परवानगी कोणी दिली होती, फोटो ताबडतोब काढून टाका, नाहीतर पोलिसांत जातो. त्याच आठवड्यात हळद विकणाऱ्या एका कंपनीने तो फोटो जाहिरातीसाठी विकत मागितला आहे. मित्र सांगतात की जागा सार्वजनिक होती, कोणी काही करू शकत नाही. जर्मनीतला मावसभाऊ सांगतो की तिकडे असे केले असते तर वकिलाची नोटीस घरी आली असती. यातले खरे कोणाचे, असे तुम्ही विचारले आहे.

मी वकील नाही. सव्वीस वर्षे हातात कॅमेरा आहे. त्यातली पहिली अकरा वृत्तपत्रात गेली आणि नंतरची स्वतंत्रपणे वारी, जत्रा, ऊसतोडीचे तळ आणि आठवडी बाजार यांची छायाचित्रे काढण्यात गेली. कायद्याची जी कलमे मी पुढे सांगतो ती मला कामापुरती माहीत करून घ्यावी लागली, काही वेळा चूक झाल्यावर. प्रकरण खरोखरच पोलीस ठाण्यापर्यंत किंवा न्यायालयापर्यंत जाणार असेल तर वकिलाकडेच जा.

मला वाटते तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. फोटो काढणे ही एक कृती आहे, तो चारचौघांना दाखवणे ही दुसरी, आणि त्यावर पैसे मिळवण्यासाठी एखाद्या वस्तूशी किंवा संस्थेशी तो चेहरा जोडणे ही तिसरी. ‘जागा सार्वजनिक होती’ हे उत्तर पहिल्या कृतीला बहुतेक वेळा पुरते, दुसरीला अर्धवट पुरते आणि तिसरीला अजिबात पुरत नाही. तुमचे मित्र पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला लावत आहेत, आणि मुलगा दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढतो आहे.

पहिली कृती आधी संपवू, कारण तिच्याबद्दल सांगण्यासारखे तुलनेने कमी आहे. रस्त्यावर, यात्रेत, बाजारात जे कोणाच्याही डोळ्यांना सहज दिसते त्याचा फोटो काढायला आपल्याकडे सरसकट मनाई करणारा कायदा नाही. मात्र या मोकळिकीला काही ठाम कुंपणे आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ (१ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेत ३५४-सी होते आणि ते २०१३ च्या दुरुस्तीने आले होते) स्त्रीला कोणी पाहणार नाही अशी रास्त अपेक्षा असताना, तिच्या खासगी कृतीचा फोटो काढणे हा गुन्हा ठरवते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे कैद, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे. याच कलमात एक स्पष्टीकरण आहे, जे प्रत्येक छायाचित्रकाराने पाठ करावे असे मला वाटते. स्त्रीने फोटो काढू दिला, पण तो इतरांना दाखवायला संमती दिली नाही, आणि तरी तो पसरवला, तर तोही गुन्हा आहे. म्हणजे काढण्याची संमती आणि दाखवण्याची संमती या दोन गोष्टी आहेत हे आपल्या कायद्याने निदान एका ठिकाणी अगदी स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे.

दुसरे कुंपण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई या कलमाचे. शरीराच्या खासगी भागाचा फोटो संमतीशिवाय काढणे, छापणे किंवा पाठवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे, आणि त्यात असे म्हटले आहे की ती व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी असो वा खासगी, आपला तो भाग लोकांना दिसणार नाही अशी तिची रास्त अपेक्षा असेल तर संरक्षण मिळते. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात स्नान करून, दोन बायकांनी धरलेल्या लुगड्याच्या आडोशाला कपडे बदलणारी वारकरी स्त्री उघड्यावर असते, हजारो लोकांत असते, तरी तो आडोसा म्हणजे तिने उभी केलेली भिंत आहे. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून त्या लुगड्याच्या मागे लेन्स रोखणारे कॅमेरेवाले मी दरवर्षी पाहतो. ‘सार्वजनिक जागा’ हे त्यांचेही उत्तर असते.

यात जागेचे नियमही येतात. मंदिराचा गाभारा, मॉल, रुग्णालय, नाट्यगृह इथे लोक मोकळेपणी येत-जात असले तरी फोटो काढू द्यायचा की नाही हे ती जागा चालवणारे ठरवतात. लष्करी ठिकाणांचे नियम कडक आहेत. उलट, पोलीस ठाण्यात चित्रीकरण केले म्हणून शासकीय गुपिते कायद्याखाली दाखल केलेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केला होता, कारण त्या कायद्यातल्या प्रतिबंधित जागेच्या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही.

तुमच्या फोटोला यातले काही लागू होते असे मला दिसत नाही. बाईंचे कपडे व्यवस्थित आहेत, त्या मिरवणुकीच्या मध्यभागी आहेत, आणि तुम्ही कुठल्या आडोशामागे डोकावला नाहीत. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या कृतीसाठी न्याय संहितेचे कलम ७९ आहे आणि त्यात तिच्या खासगीपणात शिरकाव करण्याचाही उल्लेख आहे, पण तिथे अपमान करण्याचा हेतू लागतो. तेव्हा फोटो काढला एवढ्यावरून तुम्ही गुन्हेगार ठरता असे मला वाटत नाही. इथवर तुमच्या मित्रांचे बरोबर आहे.

आता दुसरी कृती, दाखवण्याची. इथेच खरी गुंतागुंत आहे. न्या. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या निकालातला एक विचार आपल्या धंद्यासाठी मोलाचा आहे. माणूस घराबाहेर पडला म्हणून त्याचे खासगीपण उंबऱ्याच्या आत राहून जात नाही, ते जागेला चिकटलेले नसते, माणसाबरोबर चालत असते. अर्थात, या हक्काचा पहिला रोख शासनाकडे असतो. एका नागरिकाने दुसऱ्यावर दाद मागायची तर बहुतेक वेळा दिवाणी दाव्याचाच, म्हणजे मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईचा, रस्ता धरावा लागतो. त्याआधी १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात, जो ऑटो शंकर प्रकरण म्हणून ओळखला जातो, याच न्यायालयाने म्हटले होते की माणसाला आपल्यापुरते राहू देण्याचा हक्क आहे आणि त्याच्या खासगी बाबी संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाहीत. सरकारी दप्तरात आधीच नोंद झालेल्या गोष्टी आणि अधिकाऱ्यांचे कामकाज यांना त्यात अपवाद ठेवला होता.

पण जत्रेत भरदुपारी घडलेली गोष्ट ‘खासगी बाब’ कशी, असे तुम्ही विचाराल. मी स्वतः हे असे तपासतो. त्या क्षणी ती गोष्ट किती जणांनी पाहिली असती, त्यांतले किती जण तिचा अर्थ जाणणारे होते, आणि माझ्या फोटोमुळे ती आता कोणाकोणाच्या समोर जाईल? जेजुरीच्या पायऱ्यांवर त्या बाईंना पाहणारे तीन-चारशे लोक असतील. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात कोणाच्या ना कोणाच्या अंगात येते. त्यांनी हात जोडले असतील, कोणी तिला सावरले असेल, कोणी कपाळाला भंडारा लावून घेतला असेल, आणि दहा मिनिटांनी तिला पाणी पाजून सावलीला बसवले असेल. तुमचा फोटो मात्र त्या दहा मिनिटांतल्या एका सेकंदाचा साठावा की शंभरावा भाग घेऊन मोबाईलवर गेला, आणि तिथे त्याखाली काय काय लिहिले गेले ते तुम्हीच कळवले आहे. भूत, बाबा, हसणारे चेहरे. मुलाच्या संदेशातले मला सर्वांत महत्त्वाचे वाक्य धमकीचे नाही. गावातल्या व्हॉट्सॲप गटात आईचा फोटो विनोद म्हणून फिरतो आहे, हे त्याने आधी लिहिले आहे.

माणूस संमती देण्याच्या किंवा नाकारण्याच्या अवस्थेत नसतो असे काही प्रसंग असतात. झोपलेला, दारू प्यालेला, अपघातात सापडलेला, प्रेताशेजारी बसून रडणारा, आणि अंगात आलेला. वृत्तपत्रात असताना मी यातले सगळे फोटो काढले आहेत आणि त्यातले काही छापणे आवश्यकच होते, कारण एखादी दुर्घटना लोकांना कळणे हे त्या क्षणी कोणाच्याही संकोचापेक्षा मोठे असते. पण जत्रेतला सुंदर फोटो ही बातमी नाही. तो आपण आपल्या आवडीसाठी काढतो हे कबूल करायला हरकत नसावी. म्हणून मी स्वतःपुरता नियम केला आहे की अंगात आलेल्या माणसाचा ओळखू येणारा चेहरा, ते माणूस शुद्धीवर आल्यावर त्याला भेटल्याशिवाय आणि फोटो दाखवल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. यामुळे माझे दोन-तीन अतिशय चांगले फोटो आजही कपाटातल्या हार्डडिस्कमध्ये पडून आहेत. ते मला टोचते. हा कायद्याचा नियम नाही. तुम्ही वेगळे ठरवू शकता.

दाखवण्यात आणखी एक धोका असतो, संदर्भ बदलण्याचा. हे मी माझ्या चुकीवरून शिकलो. वृत्तपत्रात असताना दिवे घाटात मी एका म्हाताऱ्या वारकऱ्याचा फोटो काढला होता. घाटाच्या कठड्यावर बसलेला, डोके दोन्ही हातांत, पटका मांडीवर. मी त्यांना विचारूनच काढला, त्यांचे नाव-गाव लिहून घेतले, आणि तो वारीच्या पानावर छापून आला तेव्हा त्यांनी अंकही मागवून घेतला. दोन वर्षांनी त्याच वृत्तपत्राच्या संग्रहातून तो फोटो कोणीतरी उचलला आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या लेखाशेजारी, नावाविना, लावला. गावात लोक त्यांच्या घरी विचारपूस करायला येऊ लागले, आणि ज्याच्याकडून बी-बियाणे उधार घेत तो दुकानदार हिशेब घेऊन आला. मी माफी मागायला गेलो तेव्हा म्हातारबाबा मला शिव्या देतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “चढ चढून दम लागला हुता, पाणी प्यायला बसलो हुतो, तुला तर ठावं हाय.” ठाऊक होतेच. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला, तो त्यांच्या गावात कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही. अशा ठिकाणी बदनामीचे कलम, आता न्याय संहितेतले ३५६ वे, लागू शकते. त्या कुटुंबाने ते लावले नाही हा त्यांचा भलेपणा. तेव्हापासून मी फोटोबरोबर ओळ लिहूनच देतो आणि ती ओळ वगळून फोटो वापरू नये असे लेखी कळवतो.

तेव्हा दुसऱ्या कृतीबद्दल माझे मत सांगायचे तर ते सरसकट नाही. हजारोंच्या रिंगणाचा फोटो, ज्यात चेहरे आहेत पण कोणी एक चेहरा विषय नाही, तो खुशाल दाखवावा. एक माणूस निवडून, त्याला चौकटीत एकटे करून काढलेला फोटो दाखवताना, त्यात त्याचे काही उघडे पडते का, त्याची थट्टा होऊ शकते का, आणि तो कोणत्या मजकुराशेजारी जाणार आहे, हे बघावे. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन हसत चाललेल्या बाईचा फोटो आणि अंगात आलेल्या बाईचा फोटो, दोन्ही तितक्याच उघड्या जागी काढले असले, तरी माझ्या लेखी एक नाहीत.

तिसऱ्या कृतीबद्दल मात्र मी ठाम आहे. हळदीच्या कंपनीला आज तुम्ही नाही म्हणा. फोटोचा कॉपीराइट तुमचा आहे, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्याने फोटो काढला तो त्याचा कर्ता, आणि कोणी पैसे देऊन काढून घेतलेला नसेल तर पहिला मालकही तोच. पण कॉपीराइट छायाचित्राचा असतो, त्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो तुम्हाला ताबा देत नाही. (जाता जाता लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्रांसाठी: तिथे उलटे आहे. यजमानाने पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार यजमान असतो. नवरीचे फोटो न विचारता आपल्या पानावर जाहिरात म्हणून लावणारे स्टुडिओ गावोगाव आहेत, आणि ते दोन्हीकडून कच्चे आहेत.)

चेहऱ्याच्या व्यापारी वापराबद्दल न्यायालये अलीकडे बरीच जागरूक झाली आहेत. नामवंतांची प्रकरणे तुम्ही वाचली असतील; दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने आदेश दिले. पण तुमच्या कामाचे प्रकरण सामान्य माणसाचे आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका महिलेची याचिका आली. तिच्या गावातल्याच छायाचित्रकाराने काढलेला तिचा फोटो, फोटो विकणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळावर गेला होता, आणि तिथून तो केंद्र सरकारच्या आणि महाराष्ट्रासह काही राज्य सरकारांच्या जाहिरातींत, तिला न विचारता, झळकला. न्यायालयाने सगळ्या प्रतिवादींना नोटिसा काढल्या आणि हा प्रथमदर्शनी तिच्या छायाचित्राचा व्यापारी वापर दिसतो, समाजमाध्यमांच्या काळात हा मुद्दा गंभीर आहे, अशा अर्थाचे मत नोंदवले. यात मला जे दिसते ते असे की फोटो काढणारा आणि जाहिरात छापणारा यांच्यामध्ये चार हात होते, आणि प्रत्येकाने समजून घेतले की परवानगी आधीच्या माणसाने घेतली असेल. साखळीच्या मुळाशी छायाचित्रकार असतो. फोटो विकणारी संकेतस्थळे व्यापारी वापरासाठी फोटो घेताना त्याच्याकडूनच संमतीपत्र मागतात, आणि ते खोटे किंवा अपुरे निघाले तर सगळे बोट त्याच्याकडे दाखवतात. हळदीची कंपनीही तुमच्याकडून ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ अशा ओळीवर सही घेईल. ती सही तुम्ही खरेपणाने करू शकत नाही.

याच्या जोडीला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. ओळखू येणारा चेहरा हा या कायद्याच्या दृष्टीने वैयक्तिक डेटा ठरतो. व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला त्यात सूट आहे, म्हणजे सहलीचे फोटो कुटुंबाच्या गटात टाकण्याची कोणी चौकशी करणार नाही. परंतु पत्रकारितेसाठी किंवा कलेसाठी स्वतंत्र सूट त्यात लिहिलेली नाही, आणि फोटो विकायला काढल्यावर ‘घरगुती’ म्हणता येणार नाही असे माझे वाचन आहे. आमच्यासारख्यांचे काम यामुळे अवघड होणार, हे मला आवडत नसले तरी खरे आहे.

तुमच्या मावसभावाचेही बरेचसे बरोबर आहे. जर्मनीत ही रेघ फार पूर्वी आखली गेली. १८९८ मध्ये बिस्मार्क वारले त्या रात्री दोघे छायाचित्रकार खिडकीतून खोलीत शिरले आणि त्यांनी शवाचे फोटो काढले. त्या प्रकरणाने जी खळबळ झाली तिच्यातून पुढे १९०७ चा कायदा आला, ज्याच्या बाविसाव्या कलमानुसार कोणाचेही चित्र त्याच्या संमतीनेच प्रसृत करता येते. मात्र तेविसाव्या कलमात अपवाद आहेत, आणि त्यांत सभा व मिरवणुका यांची चित्रे येतात, तसेच ज्यात माणूस देखाव्याच्या ओघात आलेला आहे अशीही. म्हणजे तिथेही पालखी सोहळ्याचा फोटो चालला असता, पण पालखीतून एक चेहरा वेचून काढलेला फोटो बहुधा चालला नसता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेक प्रांतातल्या एका तरुणीला दोन हजार डॉलर भरपाई देववली होती. ती मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसली होती, फोटोत आक्षेपार्ह काही नव्हते, आणि तो एका कलाविषयक मासिकात छापला एवढेच. सतरा वर्षांची असताना काढलेल्या त्या फोटोवरून वर्गातली मुले तिला हसली होती. मला हा निकाल छायाचित्रकारासाठी जरा जाचक वाटतो. पण वर्गातल्या मुलांचे हसणे आणि तुमच्या प्रकरणातला गावचा व्हॉट्सॲप गट यांत मला फार फरक दिसत नाही.

आता कामाच्या पद्धतीबद्दल, कारण पुढच्या जत्रेला तुम्ही जाणारच. आधी विचारावे की आधी काढावे, याला एक उत्तर नाही. विचारले की चेहरा बदलतो, खांदे ताठ होतात, बाया डोक्यावरचा पदर सारखा करतात. म्हणून मी पुष्कळदा आधी काढतो. पण काढल्यावर कॅमेरा खाली घेतो, नजर देतो, जवळ जाऊन स्क्रीन दाखवतो. वारीत ‘माउली, तुमचा फोटो काढलाय, ठेवू का?’ एवढे विचारले की दहातले नऊ जण ‘राहू दे की’ म्हणतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘पेपरात येणार का?’ त्या एका प्रश्नात त्यांनी संमतीची हद्द सांगितलेली असते. पेपरात यायला त्यांची ना नसते. हळदीच्या पुडीवर यायला आहे की नाही हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते. दहावा जो नाही म्हणतो, त्याच्यासमोर मी फोटो पुसतो. आणि म्हणूनच मी जत्रेत लांबची लेन्स वापरत नाही. पस्तीस मिलिमीटरच्या लेन्सने माणसाचा फोटो काढायचा तर तीन-चार हातांवर उभे राहावे लागते. त्याला तुम्ही दिसता, तो तोंड फिरवू शकतो. दोनशे मिलिमीटरच्या लेन्सने त्याची ही संधीच काढून घेतलेली असते.

विकण्याची शक्यता असेल तर मी अर्ध्या पानाचे मराठीतले संमतीपत्र वापरतो. प्रदर्शन आणि पुस्तक, वृत्तपत्र आणि इंटरनेट, जाहिरात आणि विक्री, असे तीन वेगळे रकाने, प्रत्येकापुढे वेगळी सही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, अंगठा घेतो आणि त्यांच्याच ओळखीच्या, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाची साक्ष घेतो. जाहिरातीचा रकाना असेल तर किती पैसे देणार ते त्यात लिहितो, कारण ‘बघू’ म्हणून घेतलेली सही ही मला फसवणूक वाटते. अठरा वर्षांखालील मुलाची सही घेऊन उपयोग नाही, त्याच्याशी केलेला करार टिकत नाही. आई किंवा वडील हवेत, आणि ज्यात मुलाचा चेहरा ठळक दिसतो अशा फोटोच्या जाहिरातीचे काम मी शक्यतो घेतच नाही.

मुलाच्या संदेशाला तुम्ही आज काय उत्तर द्यावे, यावर येतो. फोटो आत्ता इन्स्टाग्रामवरून उतरवा. तसे करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही. बोलणी होईपर्यंत नुकसान वाढू नये म्हणून. मूळ फाइल मात्र पुसू नका, उद्या तक्रार झालीच तर तुम्ही नेमके काय काढले होते हे दाखवायला तीच लागेल. मुलाला वाद न घालता कळवा की फोटो उतरवला आहे, आणि ज्या खात्यांनी तो उचलून फिरवला त्यांनाही काढायला सांगतो आहे. जिथे तुमच्या नावाविना फोटो गेला आहे तिथे कॉपीराइटची तक्रार तुम्हीच करू शकता, आणि इथे तुमचा हक्क त्या बाईंच्या कामी येतो. तो पोलिसांत गेलाच तर ठाण्यात शांतपणे जा, वकिलाला सोबत घ्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात राहून गेली आहे, आणि मुलाच्या संदेशातही ती नाही. त्या बाईंचे स्वतःचे म्हणणे काय आहे? साठीच्या पुढची, शुद्धीतली, स्वतःच्या पायांनी गड चढून गेलेली स्त्री आहे ती. तिच्या चेहऱ्याबद्दल हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क तिचा आहे, मुलाचा नाही आणि तुमचा तर नाहीच. मला असेही अनुभव आले आहेत की मुलांना ज्या फोटोची लाज वाटली तो आईने भिंतीवर लावून घेतला. उलटेही झाले आहे. मुलगा ‘चालेल’ म्हणाला आणि आत चुलीपाशी बसलेल्या बाईने नुसती मान हलवून नको म्हटले, तेव्हा ते नको हेच शेवटचे. मुलाला विचारा की मी घरी येऊन आईंना भेटू का. तो नाही म्हणाला तर विषय तिथे संपवा आणि फोटो कपाटात ठेवा.

हो म्हणाला तर फोटोची आठ बाय बारा इंचांची छापील प्रत घेऊन जा. मोबाईल पुढे करू नका; त्या वयाच्या बायकांना स्क्रीनवर नीट दिसत नाही, आणि समोर मोबाईल धरलेला माणूस पुन्हा फोटो काढतो आहे असे त्यांना वाटते. हळदीच्या कंपनीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. प्रत त्यांच्या हातात द्या आणि त्या बोलेपर्यंत थांबा.